ड्रायव्हर खालच्या मजल्यावर

८ जानेवारी

भिंगरे,

खुशाली राहू दे. आधी, फोन सोडून पत्र का, ते सांगतो. फोन असतो तुझ्या मामीच्या उशाशी, आणि मला जे बोलायचंय ते तिच्या कानावर जाता कामा नये. उत्तरही पत्रानंच दे, आणि तेही माझ्या जुन्या दुकानाच्या पत्त्यावर. तिथला नवा मालक माझं टपाल ठेवून घेतो आणि वर चहा पाजतो.

ऑक्टोबरात मामी जिन्यावरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, इथवरचं तू येऊन बघून गेलीस. आता डॉक्टर म्हणतात हाड छान जुळलंय, घरात हिंडायला हरकत नाही. जिना मात्र कदाचित कधीच नाही. पण ही हिंडेल तर ना! वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जाते, तेवढंच. व्यायाम करून घ्यायला एक बाई येतात. त्या रोज म्हणतात, खिडकीतल्या खुर्चीपर्यंत चला. ही म्हणते, खिडकीत काय ठेवलंय? आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहते.

आणि आपली टेबलावरची छोटी आगगाडी तर वरच्या खोलीत.

तुला आठवत असेल, इतकी वर्षं गाडी मामीनं चालवली आणि रुळांचे सांधे मी बदलले. मी चष्मे घडवणारा माणूस, माझा हात बारीक कामाला चांगला. पण गाडी हलवायला गेलो की इंजिन दचकतं. तिनं जन्मभर शिलाईचं मशीन चालवलं. पायडलवर पाय कसा अलगद टेकवायचा ते तिला कळतं, आणि तेच तिच्या बोटांत उतरलंय. तिच्या हाताखाली गाडी निघाली कधी ते समजायचं नाही. घंटा माझी: एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. दोन टोले पडल्यावर गाडी उभी ठेवायची नाही, हा कायदा तिचाच. एकदा तर दारात पाहुणे ताटकळले, पण बाईसाहेब आधी फेरी पुरी करून मग खाली उतरल्या.

गेल्या महिन्यात म्हणाली, "वरचं सगळं कुणाला तरी देऊन टाका. धूळ खातंय नुसतं." मी काहीच बोललो नाही. बोललो असतो तर रडू फुटलं असतं.

म्हणून हे पत्र. हल्ली बिनतारी डिजिटल यंत्रणा निघाल्यात ना? आपला जुना वेगाचा खटका भिंतीला ठोकलेला, तिथेच उभं राहावं लागतं. पण हातात धरायचा कंट्रोलर असला तर ती खालून गाडी चालवू शकेल का? तू दिवसभर श्रवणयंत्रांच्या पोटात डोकं घालून बसतेस, तुला यातलं कळत असणार. कोणती घेऊ ते सांग. जाहिराती वाचून माझं डोकं भणभणलंय.

एक काम मात्र मी आधीच करून ठेवलंय. वर गाडी फिरवली की खाली तिला खडखडाटाचा त्रास व्हायचा. मी जिन्यातून बघितलं ना, गाडी सुरू झाली की ती लगेच कूस बदलायची. म्हणून डिसेंबरात रुळांचे सगळे जोड कथिलाचा डाक लावून बंद केले आणि चष्म्याच्या कानशीनं घासून गुळगुळीत केले. आता मी रोज संध्याकाळी गाडी फिरवतो आणि तिला पत्ताही लागत नाही. एवढं एक तरी मला जमलं.

तुझा मामा


१५ जानेवारी

ती. मामा,

पत्र दोनदा वाचलं, एकदा भांडण्यासाठी आणि एकदा शहाण्यासारखं. हे मला आधी सांगायचं नाही? असो, आता कामाचं.

डिजिटल यंत्रणेत रुळांत वीज कायम पूर्ण दाबानं खेळते. इंजिनाच्या पोटात एक चिप बसवायची. हातातला कंट्रोलर हुकूम सोडतो आणि चिप तो पाळते. हुकूम कसा पोचतो, यावर तीन जाती आहेत.

पहिली टीव्हीच्या रिमोटसारखी. तिला समोरासमोर लागतं, मधे माणूस आला तरी गाडी ऐकत नाही, मग अख्खा मजला तर सोडाच. दुसरी मोबाईलवर चालते. ही सगळ्यांना आवडते, मला नाही. काचेवर बोट फिरवताना हाताला काहीच लागत नाही, सारखं बघत राहावं लागतं. शिवाय मधेच कुणाचा फोन आला की मामी तासभर बोलणार आणि गाडी तोवर भिंतीत. तिसरी म्हणजे स्वतःचा रेडिओ असलेला हँडसेट. वेगाला गोल बटण, दिशेला खटका. तुमच्या वरच्या खोलीला लाकडी फळ्यांची जमीन आहे, त्यातून रेडिओ सहज जाईल. माझा कौल तिसरीला.

त्यातही दोन प्रकार. काहींचं बटण गरगर फिरत राहतं, काहींचं शून्यावर येऊन अडतं. आपल्याला अडणारंच हवं, म्हणजे न बघता कळतं की गाडी थांबली. आणि हँडसेटचा संपर्क तुटला तर गाडी आपोआप थांबणारी यंत्रणा घ्यायची. काही यंत्रणांत ती तशीच धावत सुटते.

खरी अडचण वेगळीच आहे. मामीला खालून गाडी दिसणार कशी? मी इथे एक छोटी गाडी मांडून कॅमेरा लावून पाहिला. चित्र मागाहून पोचतं. पडद्यावर गाडी फलाटावर होती तेव्हा खरी गाडी टेबलाखाली पडलेली होती. विचार करतेय. तोवर काही विकत घेऊ नका.

तुमची भिंगरी


२१ जानेवारी

भिंगरी बाळा,

मामीचं पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे, फक्त आडवी आहे. फोनवर बोललं की तुझे मामा दाराआड उभं राहून सगळं ऐकतात आणि वर साळसूदपणे विचारतात, कुणाचा होता? म्हणून हे पत्र व्यायामाच्या बाईंच्या हातून टाकतेय. उत्तर त्यांच्याच पत्त्यावर दे.

मला तुझ्याकडून एक वस्तू हवीय. आधी कारण ऐक.

आजारपणात मला एक नाद लागला होता. संध्याकाळी हे वर एकटेच गाडी फिरवायचे. घंटा वाजली नाही तरी सुरू झाल्याचं मला लगेच कळायचं. मी भिंतीकडे कूस वळवायची, कारण माझा डावा कान तल्लख, आणि तसं वळलं की तोच वर राहतो. मग डोळे मिटायचे. अगं, सगळी गाडी दिसायची मला! रुळाच्या प्रत्येक जोडावर चाक खट् करतं. दाराकडे लांब तुकडे आहेत, तिथे संथ. वळणावर मी हट्टानं छोटे तुकडे टाकून घेतले होते, तिथे लगबग. पुलावर पोकळ आवाज. आणि फलाटाच्या अलीकडे एक वाकडा जोड आहे, तो खटाक् असा वाजतो. तो वाजला की हात मागे घ्यायचा. मी चादरीवर बोट फिरवून वेग कमी करायचे. हे पुलावर नेहमी घाई करतात. मी खालून मनात म्हणायचे, अहो, हळू!

तेवढ्या वेळेपुरती मी आजारी नसायचे.

मग डिसेंबरात एक दिवस वरचा आवाज बंद झाला. हे रोज वर जातात, बसतात, पण गाडी हलत नाही. विचारलं तर म्हणतात, "जरा साफसफाई." मला कळलं. ड्रायव्हरशिवाय यांचं मन लागत नाही. म्हणून मुद्दाम म्हटलं, देऊन टाका सगळं. वाटलं, भडकतील, भांडतील. पडद्याच्या रंगावरून माझ्याशी आठवडाभर भांडलेला माणूस हा! तर हे गप्प. म्हणजे मनातून सोडूनच दिलंय त्यांनी.

ते मला चालणार नाही. माझं अधूपण त्यांच्या गळ्यात नको. हातात धरायचे बिनतारी कंट्रोलर मिळतात म्हणे. एक हातात घेऊन माणूस गाडीबरोबर चालत जाईल, सांधेही बदलेल, म्हणजे एकटाच दोन्ही कामं करील. तसा एक त्यांच्यासाठी शोध. मी सांगितलं असं त्यांना कळू देऊ नकोस. तुझ्याकडून भेट म्हणून पाठव.

माझं काय, मी ऐकेन खालून.

मामी


३० जानेवारी

मामी,

तुझी वस्तू मिळाली समज. नक्की पाठवते. फक्त एक वचन दे: महिनाभर कुणाला काही देऊन टाकायचं नाही, आणि मामांना साफसफाई करू द्यायची.

जास्त लिहीत नाही, कारण जास्त लिहिलं तर मी फुटेन. माझ्या पोटात काही राहत नाही ते तुला माहीतच आहे.

भिंगरी


३० जानेवारी

ती. मामा,

ठरलं. रेडिओचा हँडसेट, शून्यावर अडणारं बटण. मी मागवून तपासून तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवते. चिप बसवायची कृती सोबत काढून देईन. तुमच्या हाताला ते काम म्हणजे चष्म्याचा स्क्रू बसवण्याइतकं सोपं.

एकच अट आहे. या यंत्रणेला रुळांचे जोड मोकळे लागतात. तुम्ही डाक लावून बंद केलेला एकूणएक जोड बारीक करवतीनं पुन्हा कापा, नखाएवढी फट ठेवा. मग वीज पुढे जाणार नाही, म्हणून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून वेगळी वायर जोडा. काम किचकट आहे, पण त्याला इलाज नाही. तांत्रिक बाब आहे.

आणि फलाटाच्या अलीकडचा जोड थोडा वाकडाच राहू द्या. हीसुद्धा तांत्रिक बाब.

भिंगरी


१० फेब्रुवारी

तांत्रिक बाई,

तुझी चिठ्ठी मिळाली. मी दुकानातल्या संगणकावर त्या यंत्रणेचं माहितीपत्रक काढून भिंग लावून वाचलं. त्यात स्वच्छ लिहिलंय की जोड डाक लावून पक्के केले तर वीज चांगली खेळते. म्हणजे मी केलं तेच बरोबर. फटीचा शब्द नाही. आणि वाकडा जोड लागणारी यंत्रणा जगाच्या पाठीवर कुठे असेल तर मला दाखव.

फलाटाजवळचा जोड वाकडा होता हे तुला कुणी सांगितलं? तू वर गेलीस त्याला बारा महिने होऊन गेले, आणि तेव्हाही तुझं लक्ष मोबाईलमध्ये होतं.

भिंगरे, मी म्हातारा झालोय, खुळा नाही. काय ते सरळ सांग. मला गुंडाळून वाट्टेल ते करून घेऊ नकोस. एवढी वायर मी ओढेन, पाठ मोडली तरी ओढेन, पण कशासाठी ते कळलं पाहिजे. इथे ही दिवसेंदिवस मिटत चाललीय. काल बाईंनी खुर्चीचं नाव काढलं तर ही म्हणाली, मला आता कुठे जायचंच नाहीये. तू म्हणतेस ते केलं तर पुन्हा तो खडखडाट, आणि पुन्हा तिची झोपमोड. ते मी का करू?

मामा


१७ फेब्रुवारी

ती. मामा,

पकडलंत. मी मामीला दिलेला शब्द आज मोडतेय. तिला रुसायचं असेल तर माझ्यावर रुसू दे.

तिला त्या आवाजाचा कधीच त्रास नव्हता. ती कूस बदलायची ती चांगला कान वर यावा म्हणून. दाराकडचा, वळणावरचा, पुलावरचा, एकेक जोड तिला पाठ आहे. तुम्ही वर गाडी फिरवत होता आणि ती खाली चादरीवर बोट फिरवून तीच गाडी चालवत होती. तुम्ही पुलावर घाई करता हेही तिनंच कळवलंय.

तुम्ही जोड बुजवलेत, आणि तिच्या दृष्टीनं गाडी थांबली. तिला वाटतंय तिच्यावाचून तुम्ही नाद सोडलात. ‘देऊन टाका’ म्हणाली ती तुम्ही भांडावं म्हणून. तुम्ही गप्प बसलात.

तिला गाडी दिसणार कशी, याचं उत्तर कॅमेऱ्यात नव्हतंच. मी दिवसभर लोकांच्या कानांची कामं करते आणि मलाही सुचलं नाही. ते तुमच्या कानशीखाली गेलं होतं.

डबा आज निघाला. आत दोन हँडसेट आहेत. दुसरा का, ते विचारू नका. एकच शब्द मोडायचा ठरवलंय, दुसरा नाही.

भिंगरी


५ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र दुकानातच वाचलं. मालकानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, डोळ्यात काचेचा कण गेला. चष्म्याच्या दुकानात हे खपतं.

माझं माणूस खाली कान लावून पडलं होतं आणि मी मोठ्या मायेनं एकेक जोड बुजवत बसलो होतो. तिचं दार मीच बंद केलं गं. आता उघडतोय.

करवतीचा आवाज तिला जाऊ नये म्हणून व्यायामाच्या बाईंना कटात घेतलं. त्या खाली मोठमोठ्यानं आकडे मोजतात, मी वर कापतो. मामी म्हणाली, ‘‘बाई हल्ली फार ओरडतात.’’ वायरी ओढून झाल्या. पाठ शाबूत आहे. चिप बसली, इंजिनाचा दिवा लागला तेव्हा मी टाळी वाजवली आणि मग भीती वाटली, खाली ऐकू गेली की काय.

आता एक अडचण. ती झोपलेली असताना हँडसेट घेऊन खाली सगळीकडे तपासून पाहिलं. स्वयंपाकघरात चालतो, दारात चालतो, खिडकीतल्या खुर्चीवर तर फारच छान चालतो. पण पलंगावर चालत नाही. हँडसेटचे हुकूम झेलणारा वरचा मुख्य डबा आणि पलंग यांच्या मधे लोखंडी कपाट येतं, तिथे संपर्क तुटतो.

कपाट सरकवलं तर प्रश्न सुटेल, असं तू लिहिशील. लिहू नकोस. मी कपाट सरकवणार नाही.

उद्या संध्याकाळी हँडसेट खुर्चीवर ठेवून वर जाणार आहे. दोन टोले देणार आहे. घंटा आत्ताच तीनदा पुसून ठेवलीय. पहिल्यांदा दुकान उघडलं तेव्हाही काचा इतक्या पुसल्या नव्हत्या.

मामा


७ मार्च

चहाडखोर भिंगरे,

आता तुझ्याशी बोलायचंच नाही असं ठरवलं होतं. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

काल संध्याकाळी तुझे मामा खोलीत आले, एक काळं डबडं घेऊन. म्हणाले, ‘‘हे खिडकीत खुर्चीवर ठेवतो. गोल बटण फिरवलं की वरची गाडी चालते.’’ मी म्हटलं, ‘‘मग मला काय सांगता? घ्या आणि चालवा. तुमच्यासाठीच आहे.’’ तर म्हणतात, ‘‘माझी घंटा आहे.’’ मी म्हटलं, ‘‘मी काय आंधळेपणानं गाडी चालवू?’’ त्यावर हा माणूस चक्क जिना चढून निघून गेला. इतका राग आला मला! मी पडून राहिले.

वर खुडबुड झाली. मग शांत. आणि मग घंटा. दोन टोले.

अगं, इतक्या वर्षांत दोन टोल्यांवर मी गाडी उभी ठेवलेली नाही. कायदा माझाच. वाटलं, वाजवू दे, मी नाही उठणार. पण तो आवाज एकदा झाला आणि मला ती गाडी फलाटावर ताटकळलेली दिसायला लागली. वॉकर ओढला आणि उठले. कोणाला हाक मारली नाही. खुर्चीशी पोचले तेव्हा धाप लागली होती, पण बसायच्या आधी बटण हातात घेतलं होतं.

अलगद फिरवलं. काहीच नाही. मग वर दाराकडे, खट्.

बाळा, मी मोठ्यानं रडले. लाजबीज काही वाटली नाही. खट्, खट्, मग वळणावरची लगबग, मग पुलाचा पोकळ आवाज. पुलावरून मी तिला कशी नेली म्हणतेस! पाळण्यातलं मूल न्यावं तशी. मग वाकडा जोड वाजला, खटाक्. हात मागे घेतला, बटण शून्यावर अडलं. वर एक टोला पडला, जरा उशिराच.

तुझे मामा जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडले, ‘‘फलाटाच्या दोन बोटं पुढे गेलीस!’’ मी म्हटलं, ‘‘तुम्ही घंटा उशिरा दिलीत!’’ तर म्हणे घंटा बरोबरच होती. पुरे अर्धा तास भांडलो आम्ही, ते वरून आणि मी खालून. फार बरं वाटलं. व्यायामाच्या बाई आल्या आणि मला खुर्चीत बघून जागच्या जागी उभ्याच राहिल्या. मग त्यांनी कटाची सगळी हकिकत सांगितली, आणि तू माझा शब्द कसा पाळलास तेही कळलं. तुझा कान मी भेटीत उपटेन.

पलंगावरून बटण चालत नाही, मधे लोखंडी कपाट येतं. म्हणून आज सकाळी मी म्हटलं, ते कपाट जरा सरकवा, म्हणजे दुपारी पडल्या पडल्याही एखादी फेरी मारीन. म्हणतात, जड आहे, हलत नाही. भिंगरे, त्या कपाटाला चाकं आहेत. माझ्यासमोर बसवलीत यांनीच. मी आपली चालत खुर्चीपर्यंत गेले. संध्याकाळी पुन्हा जाणार आहे. मालगाडी जोडायचीय.

दुसरा कंट्रोलर डब्यातून निघाला. हे म्हणाले, हा कशाला? मी म्हटलं, काय की. तू माझी मागणी विसरली नव्हतीस, कळलं मला. तो या पत्राबरोबर परत पाठवतेय, जिथून मागवलास तिथे परत करून टाक. या घरात ड्रायव्हर एकच असते.

मामी